बावन्न टक्क्यांचा पेढा

१

निमदऱ्याच्या जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळेत सातवीची प्रगतिपुस्तकं बावीस सप्टेंबरला, सोमवारी वाटली गेली. खरं तर ती एक मेला वाटायची असतात. पण ती छापून आली ऑगस्टमध्ये आणि लिहून झाली सप्टेंबरात. तोवर पोरं आठवीत जाऊन तीन महिने झाले होते. मे महिन्यात निकाल म्हणून "सगळे पास" एवढंच ओट्यावरून सांगितलं होतं. सगळे दरवर्षीच पास असतात, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मुस्तकीम टेलर विचारायला आले.

गळ्यातली मापाची टेपसुद्धा न काढता ते दुकानातून तसेच आले होते. चहावर भागणार नाही, हे प्रभारी मुख्याध्यापक दीपक शेवाळे यांनी तेवढ्यावरून ओळखलं.

"सर, हे काय आहे?"

"प्रगतिपुस्तक."

"ते दिसतंय. आतमध्ये काय आहे?"

आतमध्ये त्यांच्या रुखसारला बावन्न टक्के होते.

"सहावीला एकोणनव्वद, सातवीला बावन्न. एका वर्षात एवढा कपडासुद्धा आटत नाही, सर."

"वय असतं, मुस्तकीमभाई. मुलांचं लक्ष..."

"पेपर दाखवा."

शेवाळे सरांनी कपाट उघडलं. सहावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. आठवीचा होता. त्या दोहोंच्या मधे, जिथे सातवीचा असायला हवा, तिथे धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"आश्चर्य आहे," शेवाळे सर म्हणाले.

मुस्तकीमभाईंना आश्चर्य करायला वेळ नव्हता. आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता शनिवार, सत्तावीस तारीख. आणि फॉर्म भरायला सातवीत पंचावन्न टक्के लागत होते. ती परीक्षा निघाली तर पोरगी बारावीपर्यंत शिकेल, असं बापलेकीत ठरलं होतं.

"आणि नाही भरला फॉर्म, तर रविवारपासून रुखसार माझ्या शेजारच्या मशीनवर. मशीन आणून ठेवलीय. मोठीला शिकवून पाहिलं ना मी. घरात एक तबस्सुम बस आहे."

तबस्सुम ही रुखसारची थोरली बहीण. याच शाळेतून पहिल्या नंबराने बाहेर पडलेली आणि गेल्या वर्षापासून घरी बसलेली. ती घरी का बसली, हे निमदऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मुस्तकीमभाई शाळेतून निघाले ते थेट तालुक्याच्या गाडीत बसले. तक्रार त्यांनी स्वतःच लिहिली होती. तिच्यात एकच वाक्य होतं: "माझ्या मुलीचे पेपर चोरीला गेले आहेत आणि सदतीस टक्केपण."

२

उज्वला खैरनार या निमदरे केंद्राच्या केंद्रप्रमुख. केंद्रप्रमुख म्हणजे तेरा शाळा, एक स्कूटर आणि अधिकार शून्य.

गटशिक्षणाधिकारी साहेबांचा त्यांना फोन आला. "मॅडम, मुळापर्यंत जा. पण फार खोलात जाऊ नका."

बुधवारी सकाळी दहाला खैरनार मॅडम शाळेत पोचल्या. ही शाळा त्यांच्या आवडीची. जानेवारीत त्या सातवीच्या वर्गावर आल्या होत्या, पोरांनी फटाफट उत्तरं दिली होती, आणि त्या खूश होऊन गेल्या होत्या. त्या वर्षात तेरा शाळांत मिळून खूश होण्याचा तेवढा एकच प्रसंग आला होता.

शेवाळे सरांनी चहा मागवला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला. "घ्या मॅडम. पुस्तकं वाटली ना परवा, कुण्या पालकाने आणून दिलेत."

मॅडमनी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता. त्यापलीकडे त्याचा विचार त्यांनी तेव्हा केला नाही.

मग निकालपत्रक उघडलं. वर्गात सत्तावीस मुलं. सोळा जणांचे गुण जसे असतात तसे होते: कुणी अडुसष्ट, कुणी त्रेचाळीस, कुणी एकोणसाठ. बुद्धभूषण नावाचा एक मुलगा एक्याण्णव. आणि उरलेले दहा जण, रुखसार धरून, एक्कावन्न ते चोपन्नच्या मधे.

दहा मुलं, चार टक्क्यांच्या जागेत. एवढी दाटी त्यांनी फक्त सटाण्याच्या शेवटच्या जीपमध्ये पाहिली होती.

दहा नावं त्यांनी पुन्हा वाचली. ही नावं अशीच एकत्र कुठेतरी वाचली आहेत, असं त्यांना वाटलं. पण तेरा शाळांची नावं रोज वाचणाऱ्या बाईला असं वाटतच असतं.

"हे गुण भरले कुणी?"

"पोर्टलवर मी भरले," शेवाळे सर म्हणाले. "पगारे मॅडमनी दिले तसे. त्या वर्गशिक्षिका. पेपर त्यांनी तपासले. मी वर्गावर जातो कुठे, मॅडम? सकाळपासून माहिती भरतो. काल शौचालयांच्या भांड्यांची संख्या भरली, आज हात धुतानाचे फोटो. सातवीतला कोण कुठल्या बाकावर बसतो, देवाशप्पथ मला सांगता यायचं नाही."

"आणि पोर्टलचा पासवर्ड?"

सरांनी भिंतीकडे बोट दाखवलं. कॅलेंडरखाली स्केचपेनने लिहिला होता, विसरू नये म्हणून.

"पट किती आहे शाळेचा?" माहीत असूनही मॅडमनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर." आकडा सरांनी एखाद्या आजारी माणसाचं नाव घ्यावं तसा उच्चारला. "तीस सप्टेंबरला मोजणी. एकाहत्तरपर्यंत तीन शिक्षक, सत्तर झाले की दोन. म्हणजे तीन पोरं गेली तर चालेल. चौथं गेलं की एक शिक्षक अतिरिक्त. गेल्या वर्षी त्या ग्लोबल इंग्लिश शाळावाल्यांनी सहा नेली."

"अतिरिक्त कोण ठरणार?"

सरांनी पेढ्यांचा पुडा बंद केला. "ते तुम्ही त्यांनाच विचारा."

३

अंजली पगारे दोन वर्ग एकदम शिकवत होत्या. मधलं दार उघडं ठेवून त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. डावीकडे सातवीला अपूर्णांक, उजवीकडे आठवीला प्रकाशाचं परावर्तन. कागदावर शाळेत तीन शिक्षक होते. तिसरे सर दोन वर्षांपासून तालुक्याच्या कचेरीत संगणकावर माहिती भरत होते. ते शाळेत आले असते तर सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांचं त्यांनाच वाटलं असतं.

"पट घटला तर कोण जाणार, पगारे मॅडम?"

"मी. सेवेत मीच धाकटी. सुरगाण्याकडे जागा आहेत म्हणतात."

"कचेरीतले सर?"

"ते ज्येष्ठ आहेत. ते राहतील. कागदावर."

"म्हणजे मग शाळेत शेवाळे सर एकटे."

"आणि पोर्टल," पगारे मॅडम म्हणाल्या.

खैरनार मॅडमनी निकालपत्रक पुढे धरलं. "ग्लोबलवाले फक्त हुशार मुलं नेतात. मुलं हुशार दिसलीच नाहीत तर नेणार नाहीत. पट टिकतो आणि तुमची जागाही. बरोबर?"

"बरोबर. फायदा झाला तर माझाच आहे." खडूचा हात त्यांनी साडीला न पुसता तसाच धरून ठेवला. "एप्रिलमध्ये पेपर तपासले, गुणांचा कागद सरांना दिला, गठ्ठा कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मतदार यादीच्या ड्यूटीवर. दीड महिना लोकांची दारं वाजवत होते. एक मेच्या झेंड्यालासुद्धा मी इथे नव्हते."

"कागदाची प्रत?"

"नाही ठेवली. गठ्ठा होता ना कपाटात. गठ्ठ्यावर अविश्वास कशाला?"

"प्रगतिपुस्तकं कुणी लिहिली?"

"मीच. पोर्टलवरून उतरवून."

"आणि उतरवताना तुमच्या काही लक्षात आलं नाही?"

पगारे मॅडमनी मधलं दार ओढून घेतलं. दोन्ही वर्ग एकदम गप्प झाले.

"आलं. ऑगस्टमध्येच आलं. त्या दहाच्या दहा मुलांचे गुण चुकीचे आहेत, मॅडम. मला माहीत होतं, तरी मी लिहिले आणि खाली सही केली."

४

त्या गप्प का राहिल्या, हे विचारायची वेळ आली नाही. त्यांनी आपणच सांगितलं. रोज सकाळी ठरवायच्या की आज बोलू, आणि रोज पट मोजायच्या. आपण बोललो तर आपलीच बदली आपल्या हाताने लिहिल्यासारखं होईल. "शिष्यवृत्तीच्या फॉर्मला पंचावन्न लागतात, हे सोमवारी रुखसारने येऊन सांगितलं तेव्हा आठवलं. दोन रात्री झोप नाही."

खैरनार मॅडम व्हरांड्यात आल्या. आता सगळं सोपं दिसत होतं. हेतू होता, पासवर्ड होता, सही होती. रिपोर्ट दहा मिनिटांत झाला असता. आणि साहेबही खूश झाले असते, कारण तो अजिबात खोलात गेला नसता.

फक्त एक शब्द त्यांना टोचत होता. पगारे मॅडम "चुकीचे" म्हणाल्या होत्या. "कमी" म्हणाल्या नव्हत्या.

स्वयंपाकखोलीबाहेर अंबूबाई कांदा चिरत बसल्या होत्या. शाळेची खिचडी त्यांच्या हातची. त्यांच्यामागे कांद्याची गोणी व्हरांड्यात उन्हात पडली होती.

"अंबूबाई, गोणी उन्हात का? कोंब येतील."

"मग काय डोक्यावर ठिवू? तिकडची जागा गेली ना माझी." अंबूबाईंनी सुरीने कोपऱ्यातली खोली दाखवली. दारावर पाटी होती: डिजिटल क्लासरूम.

"तुम्ही डिजिटल क्लासरूममध्ये कांदे ठेवता?"

"मग! थंडगार खोली शे ती. उद्घाटन झालं तवापासून कोन्ही गेलं नाय आत. तांदूळ, कांदे, लय झ्याक राहायचे. एक मेला झेंडा झाला अन् सर म्हने, अंबूबाई, तुजे कांदे काढ. कुलूप लावलं सरांनी. तवापासून हे असं."

"एक मेला? नक्की?"

"नक्की म्हंजे? पोरायला जिलेबी वाटली, अन् माज्या गोण्या म्या एकलीनं ओढल्या. कसं इसरीन?"

खैरनार मॅडम कुलपाकडे बघत राहिल्या.

"पेढा खाल्ला का, बाई?" अंबूबाईंनी विचारलं. "झीशानच्या आईनं वाटले. अख्ख्या गल्लीत फिरली. पोरगं पयल्यांदा पन्नासच्या वर गेलं म्हने."

मॅडमनी घाईघाईने निकालपत्रक काढलं. झीशान त्या दहांमध्येच होता. त्याचेही टक्के बावन्न. त्याच बावन्नसाठी मुस्तकीमभाई तालुक्याला धावले होते, आणि तेवढ्याच बावन्नचे झीशानच्या घरी पेढे वाटले गेले होते.

५

दुपारी खैरनार मॅडम निमदरे ग्लोबल स्कूलमध्ये गेल्या. फाटकावर फलक होता: दहावीचा निकाल सलग नऊ वर्षं शंभर टक्के. खाली मुलांचे फोटो. एका कोपऱ्यात तबस्सुमचा फोटो अजून होता, तिने प्रवेश घेतला तेव्हा चिकटवलेला. नवव्या वर्षाचे फोटो चिकटवताना तिचा अर्धा चेहरा झाकला गेला होता.

संस्थेचे संचालक राकेश आहेर यांनी एसी वाढवला. ते निमदऱ्याचेच, पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या मराठीला इस्त्री झाली होती.

"मॅडम, आरोप माझ्या कानावर आलाय. मी कशाला गुण कमी करू? मला तर ती मुलं हवी होती! जूनमध्ये मी स्वतः शाळेत गेलो. म्हटलं, टॉप टेनच्या पॅरेंट्सना भेटतो, पहिलं वर्ष फ्री. शेवाळे सरांनी निकालपत्रक दाखवलं. बघतो तर एक्कावन्न, बावन्न. म्हटलं, सुटलो."

"एक्याण्णववाला एक होता की. बुद्धभूषण."

"हो हो, पाहिला. हुशार असेल." आहेरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "त्या वस्तीवर आपली बस जात नाही ना."

बस तिकडे का जात नाही, हे मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर रस्त्याचं कारण मिळालं असतं, आणि रस्ता त्यांनी येतानाच पाहिला होता. चांगला डांबरी होता.

"तबस्सुमला दहावीला का बसवलं नाही तुम्ही?"

"इंग्लिश मीडियम झेपलं नाही तिला. नववीला मार्क्स गेले. आम्ही सजेस्ट केलं की बाहेरून बसा. स्कूलच्या रिझल्टचाही विचार करावा लागतो, मॅडम."

"बरं. टॉप टेन म्हणता. निकालपत्रक बघायच्या आधीच ही दहा नावं तुमच्याकडे होती?"

"जानेवारीपासून!" आहेरांनी मोबाइल काढला. "सगळ्यांकडेच आहेत. केंद्राच्या ग्रुपवर आली, तिथून माझ्याकडे. तीनशे लोक आहेत त्या ग्रुपवर."

मोबाइलवर एका वहीच्या पानाचा फोटो होता. वर शाळेचा शिक्का. खाली दहा नावं, निकालपत्रकातल्या त्या दाटीतली, सकाळी पाहिली तीच. रुखसार पहिली, झीशान चौथा.

अक्षर कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. खाली सही होती. उज्वला खैरनार, केंद्रप्रमुख.

६

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना डिजिटल क्लासरूमच्या दारात बोलावलं. शेवाळे सर, पगारे मॅडम, मुस्तकीमभाई. अंबूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या कांदे घेऊन आल्या होत्या.

"आधी माझा गुन्हा सांगते," खैरनार मॅडम म्हणाल्या. हातात शाळेची शेरेवही होती, अधिकारी भेटीला आले की शेरा लिहितात ती. "जानेवारीत मी या वर्गाला प्रश्न विचारले. ज्यांनी उत्तरं दिली, त्यांची नावं खूश होऊन इथे लिहिली. 'खालील दहा विद्यार्थी विशेष हुशार आहेत.' शेवाळे सरांनी अभिमानाने पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. म्हणजे या पोरांची जाहिरात मी केली. फुकट."

"निकालात हात घातला तो याच दहा नावांना. पण यातली नऊ मुलं खरी हुशार आहेत, एक नाही. झीशान. पगारे मॅडम, त्याचे खरे टक्के किती असतील?"

"बेचाळीस. फार तर त्रेचाळीस."

"तरी जानेवारीत त्याने मला सहा प्रश्नांची उत्तरं दिली. कशी?"

पगारे मॅडम खाली बघत म्हणाल्या, "झीशानचा आवाज मोठा आहे, मॅडम. आणि बुद्धभूषण परक्यांसमोर तोंड उघडत नाही. अधिकारी येणार असले की आम्ही दोघांना मागेपुढे बसवतो. डोकं मागच्या बाकावर, आवाज पुढच्या."

"मागचं डोकं मला दिसलं नाही. म्हणून बुद्धभूषणचं नाव या पानावर नाही, आणि म्हणून त्याचे एक्याण्णव शाबूत राहिले. आणि झीशानचे गुण कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आता मला सांगा, हे काम पगारे मॅडमनी केलं असतं, तर वर्गातला सगळ्यांत हुशार मुलगा उघड्यावर टाकून त्यांनी झीशानला लपवलं असतं का? ज्याने हे केलं त्याला हुशार पोरं कोणती हे माहीत नव्हतं. त्याने ती माझ्या शेऱ्यावरून शोधली. आहेरांकडे हे पान होतं, पण कपाट नव्हतं. कपाट, पासवर्ड आणि हे पान असूनही वर्गातला एक चेहरा ओळखत नाही, असा माणूस या शाळेत एकच आहे. आणि त्याने ते मला काल शपथेवर सांगितलंय."

शेवाळे सरांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप त्यांनीच उघडलं.

आत प्रोजेक्टरचं खोकं होतं, उद्घाटनानंतर परत भरून ठेवलेलं. प्रोजेक्टरच्या वर, प्लास्टिकमध्ये नीट बांधलेला, डांबराच्या गोळ्या टाकलेला सातवीचा गठ्ठा. वर गुणांचा कागद.

"जाळला का नाही, सर?" मुस्तकीमभाईंनी विचारलं.

शेवाळे सर दचकले. "शासकीय अभिलेख आहे. पाच वर्षं जपावा लागतो."

गठ्ठ्यात रुखसारचे पेपर सगळ्यांत वर होते. नव्वद टक्के.

७

"माझ्यासाठी नाही केलं," शेवाळे सर म्हणाले. ते बाकावर बसले होते, विद्यार्थ्यांच्या, गुडघे छातीशी घेऊन. "मी दोन वर्षांनी निवृत्त. पगारे मॅडम गेल्या तर या पोरांना गणित कोण शिकवणार? मी? मला फक्त फॉर्म भरता येतात. पोरं हुशार निघाली की कुणीतरी नेतं, आणि ढ निघाली की वरून नोटीस येते. म्हणून मधली जागा शोधली. एक्कावन्न ते चोपन्न. तिथे कुणीच बघत नाही."

"आणि पंचावन्नची अट?"

"विसरलो," सर म्हणाले. "एक टक्का जास्त टाकायला काय जात होतं माझं?"

पगारे मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मॅडम, पाच दिवस थांबा," शेवाळे सर म्हणाले. "तीस तारखेची मोजणी होऊ द्या. एक ऑक्टोबरला मी स्वतः दुरुस्ती करतो, निलंबित करा मला. आता दुरुस्त केलं तर यादी कचेरीत जाणार, कचेरीतून आहेरांकडे. चार पोरं गेली की संपलं."

"फॉर्म परवा बंद होतो," मुस्तकीमभाई एवढंच म्हणाले. त्यांनी गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळायला सुरुवात केली होती.

खैरनार मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. त्यांच्या शेऱ्याने सुरू झालेली गोष्ट त्यांच्या सहीनेच संपवायची होती, आणि कुठेही सही केली तरी कुणीतरी जाणारच होतं.

"सर, पोर्टल उघडा," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीच्या अर्जात कारणांची यादी होती: नेटवर्क नव्हते, सर्व्हर बंद होता, वीज नव्हती, इतर. घडलं ते यादीत नव्हतं. मॅडमनी "इतर" निवडलं. खालच्या रकान्यात त्यांनी घडलेलं सगळं लिहायला घेतलं, स्वतःच्या शेऱ्यासकट. साठ अक्षरांनंतर रकाना संपला.

नऊ मुलांचे टक्के वर गेले. एकाचे खाली आले. झीशानच्या आईला मॅडम स्वतः जाऊन सांगून आल्या. ती म्हणाली, "पेढे तर संपले, मॅडम."

शनिवारी दुपारी रुखसारचा फॉर्म भरला गेला. बुद्धभूषणचा आणि बाकीच्या आठ जणांचाही.

रविवारी सकाळी राकेश आहेर गाडी घेऊन निमदऱ्यात फिरायला लागले. हातात नवी यादी होती. फॉर्म गेल्यापासून ती कचेरीतून निघायला अठरा तास लागले होते. कचेरीतून इतक्या लवकर दुसरं काही निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तीन घरं त्यांनी दुपारपर्यंत मिळवली. चौथं घर मुस्तकीम टेलरचं.

दुकानात गर्दी होती. यादीतल्या इतर पोरांचे बाप, एकदोन आया, सगळे मुस्तकीमभाईंनी बोलावलेले. शेवाळे सर आणि दोन्ही मॅडम दाराबाहेर उभे होते. आत यायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

"मुस्तकीमभाई, रुखसारचं पहिलं वर्ष फ्री," आहेर म्हणाले. "युनिफॉर्म फ्री."

"युनिफॉर्म तर मीच शिवतो ना, राकेशभाऊ, तुमचे."

"तेच तर! घरचेच आहात."

मुस्तकीमभाईंनी मापांची वही काढली. "दर जूनला सगळ्या शाळेची मापं घेतो मी. गेल्या साली नववीची मापं एकेचाळीस. यंदा त्याच पोरांची, दहावीची, सव्वीस. त्याच्या आधीच्या साली अडतीस होती, दहावीत चोवीस राहिली. राकेशभाऊ, पोरं वाढतात, मान्य. पण गळतात कुठे?"

दुकानात कुणीतरी मशीनचं चाक उगाच फिरवलं.

"एक तर माझ्याच घरात गळलं," मुस्तकीमभाई म्हणाले. पडद्याआड तबस्सुम काज करत होती, तिचे हात थांबले. "उरलेली कोण, ते या वहीत नावानिशी आहे. ज्याला बघायचं त्याने बघा. शंभर टक्क्यांचा सूट कसा बसतो, मला विचारा. जे अंगाबाहेर येईल ते कापून टाकायचं."

आहेर गाडीत बसले तेव्हा वही हातोहात फिरत होती.

८

तीस सप्टेंबरला पट मोजला गेला. एकाहत्तर.

शेवाळे सरांनी तीनदा मोजला. मग ते व्हरांड्यात जाऊन बसले आणि अंबूबाईंनी दिलेली खिचडी मुकाट खाल्ली. त्यांची खात्याकडून चौकशी सुरू झाली होती. ती त्यांच्या निवृत्तीच्या आधी संपेल अशी कुणालाच काळजी नव्हती.

तीन ऑक्टोबरला खैरनार मॅडमना कचेरीतून एक लिफाफा मिळाला, शाळेत पोचवण्यासाठी. रस्त्यात स्कूटर थांबवून त्यांनी तो उघडला.

आदेश होता. निमदरे शाळेच्या निकालात "इतर" कारणाने त्रुटी आढळल्यामुळे तालुक्यातल्या सर्व शाळांच्या गुणांची फेरतपासणी होणार होती. तिची माहिती संगणकावर भरायला एका जाणकार शिक्षकाची गरज होती. सबब श्रीमती अंजली पगारे यांची पुढील आदेश होईपर्यंत कचेरीत प्रतिनियुक्ती. आदेश मिळाल्याच्या दिवसापासून लागू.

मॅडमनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "त्यांची जागा वाचली ना? मग?"

शिष्यवृत्तीची परीक्षा डिसेंबरात होती.

शाळेत पोचल्या तेव्हा मधलं दार उघडं होतं. पगारे मॅडम उंबऱ्यात उभ्या राहून एका बाजूला अपूर्णांक आणि दुसऱ्या बाजूला परीक्षेचे जुने पेपर शिकवत होत्या. रुखसार फळ्यापाशी होती. बुद्धभूषण पहिल्या बाकावर बसला होता आणि खूप हळू आवाजात, पण बोलत होता. मागून झीशान ओरडला, "मोठ्यानं बोल की रे, मला लिहायचंय!"

खैरनार मॅडम वर्गात गेल्या नाहीत. ऑफिसात जाऊन त्यांनी शेवाळे सरांकडे हात पुढे केला. "किल्ली."

सरांनी लिफाफा पाहिला, मॅडमकडे पाहिलं आणि किल्ली दिली.

डिजिटल क्लासरूममध्ये अजून डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मॅडमनी खोकं उघडलं, लिफाफा प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रोजेक्टरच्या वर ठेवला आणि खोकं बंद केलं. त्यांनी काहीही फाडलं नव्हतं, काहीही जाळलं नव्हतं. शासकीय अभिलेख होता. तो जपलाच पाहिजे.

बाहेर येऊन त्यांनी किल्ली अंबूबाईंच्या हातात दिली.

"गोण्या आत घ्या," त्या म्हणाल्या. "अगदी खोक्यावर रचा."